काय कमी होतं तिला?

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.)

आधी हे आकडे बघा. चीनच्या छिंग राजवटीतल्या, म्हणजे मांचू सम्राटांच्या दरबारातल्या. अठराव्या शतकातल्या राजवाड्याच्या नियमावलीत ते लिहून ठेवलेत.

सम्राज्ञी: वर्षाला 1000 ल्यांग चांदी, 10 दासी.
हुआंग-गुइफेई (सम्राज्ञीखालोखालची): 800 ल्यांग, 8 दासी.
गुइफेई: 600 ल्यांग, 8 दासी.
फेई: 300 ल्यांग, 6 दासी.
पिन: 200 ल्यांग, 6 दासी.
गुइरेन: 100 ल्यांग, 4 दासी.
चांगझाई: 50 ल्यांग, 3 दासी.
दायिंग: 30 ल्यांग, 2 दासी.

एक ल्यांग म्हणजे साधारण 37 ग्रॅम. म्हणजे सर्वांत वरच्या बाईला वर्षाला 37 किलो चांदी आणि सर्वांत खालच्या बाईला किलोभरापेक्षा थोडी जास्त. चांदी झाली, आता मांस. सम्राज्ञीच्या नावावर रोज 16 जिन डुकराचं मांस, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास. दायिंगच्या नावावर दीड जिन. कोळसा किती, मेणबत्त्या किती, रेशीम किती, भाजी किती, सगळं पायरीप्रमाणे ठरलेलं. पायऱ्या एकूण आठ. पहिल्या पायरीवर एक, दुसरीवर एक, मग दोन, चार, सहा, आणि शेवटच्या तीन पायऱ्यांवर कितीही.

हे वाचून वाटतं, बायकांची चैन होती की! खायला-प्यायला, ल्यायला-नेसायला, हाताखाली माणसं. चिनी मालिका बघणाऱ्यांना तर हे जग पाठच असेल. रेशमी झगे, डोक्यावर फुलं, नखांवर सोन्याची टोपणं आणि दिवसभर कट-कारस्थानं. मालिकेत सगळा प्रश्न एकच असतो, सम्राटाचं मन कोण जिंकणार?

पण ही नियमावली वाचताना मला वेगळाच प्रश्न पडतो. इतकं सगळं लिहून ठेवलंय, पण एखाद्या बाईला इथून जायचं असेल तर काय करायचं, ते कुठे लिहिलंय?

कुठेच नाही.

*

मुळात या मुली राजवाड्यात येत कशा? प्रेमात पडून नाही आणि लुटीतूनही नाही. रीतसर सरकारी प्रक्रियेतून.

मांचूंची सगळी लष्करी आणि सामाजिक रचना 'आठ झेंड्यां'मध्ये विभागलेली होती. प्रत्येक कुटुंब कुठल्या ना कुठल्या झेंड्याखाली नोंदलेलं. यात मांचू होते, मंगोल होते, आणि आधीपासून मांचूंच्या बाजूला आलेले काही हान चिनीही होते. या झेंड्यांतल्या अधिकारी घराण्यांच्या मुलींना साधारण 13 ते 16-17 या वयात सम्राटापुढे हजर राहावं लागे. दर तीन वर्षांनी ही निवड व्हायची आणि तिचं काम बघायचं महसूल खातं. हो, महसूल खातं! कारण लोकांची नोंदवही त्यांच्याकडे.

गोम अशी की, निवडीला हजर राहून नापास झाल्याशिवाय मुलीचं लग्न करता येत नसे. आधी सम्राट बघणार, नको म्हणणार, मग तुम्ही स्थळं बघा. नावाची पाटी ठेवून घेतली की मुलगी राजाची. ती उपराणी होईल किंवा एखाद्या राजपुत्राला दिली जाईल. तिला कुणी विचारत नसे. बापालाही विचारत नसत.

दासींची निवड वेगळी. ती शाही कारभार खात्याच्या अखत्यारीतल्या सेवक घराण्यांतून दरवर्षी व्हायची. पण दासीच्या बाबतीत एक नियम होता. कांगशी सम्राटाच्या काळात वयाच्या तिशीला आणि पुढे योंगझेंग सम्राटाच्या काळात पंचविशीला तिची सुटका व्हायची. घरी जा, लग्न कर.

म्हणजे बघा. जी बाई पाणी भरते, केस विंचरते, तिला बाहेर जायची तारीख आहे. जिचे केस विंचरले जातात, तिला नाही.

आईवडिलांना भेटायचं तर? आई-बाप म्हातारे असतील आणि सम्राटाने खास परवानगी दिली तर. किंवा बाई गरोदर राहिली तर आईला आत यायची मुभा. एरवी भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे माहेर. अंतर कित्येकदा एकाच शहरातलं.

मूल झालं तरी ते आपल्यापाशी राहील याची खात्री नाही. योंगझेंग सम्राटाचंच उदाहरण घ्या. तो जन्मला तेव्हा त्याच्या आईचा दर्जा खालचा होता. म्हणून त्याला वाढवलं वरच्या दर्जाच्या दुसऱ्या राणीने.

सम्राटाचा सहवासही दप्तरात. त्यासाठी खोज्यांचं वेगळं कार्यालय होतं. कुठल्या दिवशी कोण, याची तिथं नोंद व्हायची. पुढे मूल झालं तर तारीख जुळली पाहिजे ना!

आणि सम्राट वारला तर? बाई विशीतली असली तरी पुनर्विवाह नाही. विधवा राण्यांसाठी राजवाड्यातच वेगळे वाडे होते. नव्या सम्राटाची आणि त्यांची भेट दोघांचीही पन्नाशी उलटल्याशिवाय होऊ नये असा नियम. कांगशी सम्राटाच्या कबरीशेजारच्या राण्यांच्या दफनभूमीत 48 बायका आहेत. मेल्यावरही नेमलेल्या जागेवर, नेमलेल्या दर्जाप्रमाणे.

*

हीच आकडेवारी शिक्षा म्हणूनही वापरता येते. तुरुंग नको, फटके नकोत. पायरी खाली केली की झालं.

1765 साली छियानलोंग सम्राट दक्षिणेच्या दौऱ्यावर होता. हांगझौमध्ये त्याच्या सम्राज्ञीने, नारा घराण्यातल्या, स्वतःचे केस कापले. मांचू रीतीत बाईने केस कापायचे ते सम्राट किंवा राजमाता वारल्यावर. जिवंत नवऱ्यासमोर केस कापणं म्हणजे तू मला मेलास असं सांगणं. तिला ताबडतोब बीजिंगला परत पाठवलं. तिची नेमणूकपत्रं काढून घेतली. दासी किती उरल्या? दोन. वरचे आकडे पुन्हा बघा. दोन दासी म्हणजे दायिंग, सर्वांत खालची पायरी. कागदोपत्री सम्राज्ञी, प्रत्यक्षात तळाची. पुढच्या वर्षी ती वारली तेव्हा सम्राट शिकारीच्या मोहिमेवर होता. तो परतला नाही. तिला स्वतःची कबरही मिळाली नाही, दुसऱ्या एका राणीच्या कबरीत पुरली.

आता बायका सगळ्या बिचाऱ्या होत्या आणि पुरुष सगळे राक्षस, असं साधं चित्र नाही हे. 1778 साली याच सम्राटाच्या 'दुन' फेईने एका दासीला मारहाण केली आणि त्यात ती दासी मेली. शिक्षा काय? फेईची पिन केली, आणि दासीच्या आईवडिलांना 100 ल्यांग द्यायला लावले. पुढे तिची पायरी परतही मिळाली. शंभर ल्यांग, म्हणजे एका गुइरेनचा वर्षाचा भत्ता. जिवाची किंमतही याच हिशोबात बसली.

वरून खाली दाबायचं, खालच्याने त्याच्या खालच्याला. बाहेर जायचा दरवाजा नसेल तर माणूस फक्त वर चढू शकतो, आणि वर चढायचं तर कुणाच्या तरी खांद्यावर पाय द्यावा लागतो.

सर्वांत वर चढली ती त्सशी. 1852 साली ती गुइरेन म्हणून आत आली. खालून तिसरी पायरी. 1854 ला पिन. 1856 ला मुलगा झाला, सम्राटाचा एकमेव वारस, आणि ती फेई झाली. पुढच्याच वर्षी गुइफेई. 1861 ला नवरा वारला, पोरगा पाच वर्षांचा, आणि तिने सत्ता हातात घेतली. 1908 पर्यंत, मधले काही काळ सोडले तर, चीनचा कारभार तिच्या हातात राहिला. निवडीच्या रांगेत उभी राहून आत आलेली एक बाई सबंध साम्राज्य चालवू लागली!

मग तिने ही निवडीची पद्धत बंद केली का? नाही. तिने ती स्वतः चालवली.

*

1888 साली त्सशीचा भाचा गुआंगशू सम्राट याच्यासाठी निवड झाली. सम्राज्ञी म्हणून त्सशीने आपल्या भावाची मुलगी बसवली. सोबत तातारा घराण्यातल्या दोन बहिणी पिन म्हणून घेतल्या, थोरली जिन आणि धाकटी झेन. 1889 साली त्या आत आल्या. झेन तेव्हा तेरा वर्षांची होती.

झेन हुशार होती, बोलकी होती, सम्राटाची लाडकी झाली. 1894 साली त्सशीच्या साठीनिमित्त दोघी बहिणींना फेई केलं. त्याच वर्षी काही महिन्यांत दोघींना उतरवून गुइरेन केलं. आरोप असा की झेन पैसे घेऊन नेमणुकांसाठी सम्राटाकडे शब्द टाकते. आरोप अगदीच हवेतला नव्हता असं बरेच अभ्यासक मानतात. झेनला मारहाणही झाली. पुढच्या वर्षी पायरी परत मिळाली. म्हणजे दोन वर्षांत बढती, पदावनती, पुन्हा बढती. वय अठरा-एकोणीस.

1898 साली गुआंगशूने सुधारणांचा धडाका लावला. जूनमध्ये सुरू झालेलं हे प्रकरण सप्टेंबरमध्ये त्सशीने मोडून काढलं. सम्राटाला तळ्यातल्या बेटावरच्या वाड्यात नजरकैदेत टाकलं. झेनला राजवाड्याच्या एका कोपऱ्यात कोंडलं.

ऑगस्ट 1900. बॉक्सर बंडानंतर आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या. 15 ऑगस्टला पहाटे त्सशी सम्राटाला घेऊन पळाली. निघण्याआधी झेनला कोठडीतून बाहेर आणलं आणि राजवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या विहिरीत ढकललं. ढकलणाऱ्या खोज्याचं नाव चुइ युगुइ असं सांगतात. ती 24 वर्षांची होती.

दरबाराने पुढे काय जाहीर केलं? की घाईत तिला सोबत येता आलं नाही, म्हणून तिने अब्रू राखण्यासाठी जीव दिला. आणि या निष्ठेबद्दल तिला बढती दिली. फेईची गुइफेई! देह विहिरीतून वर काढला आणि पायरीही वर केली. ती विहीर आजही बीजिंगच्या निषिद्ध नगरीत आहे, पर्यटक वाकून बघतात. तोंड इतकं अरुंद की इथून माणूस आत गेलाच कसा, असं वाटावं.

*

गोष्ट इथं संपली असती तर ही एक शोकांतिका झाली असती, बस. पण झेनची थोरली बहीण जिन जगली. तिचं पुढं काय झालं बघा.

1912 साली छिंग राजवट गेली, प्रजासत्ताक आलं. पण सहा वर्षांच्या सम्राट पू-यीशी करार झाला. पदवी ठेव, तूर्त राजवाड्यात राहा, वर्षाला 40 लाखांचा तनखा घे. त्यामुळे भिंतीच्या आत जुनंच राज्य चालू राहिलं आणि जिन आता 'दुआनकांग' या नावाने तिथल्या वडीलधाऱ्या विधवा राण्यांपैकी एक झाली.

1922 ला पू-यीचं लग्न ठरवायचं होतं. काळ बदललेला, मुलींना रांगेत उभं करणं बरं दिसेना. मग फोटो मागवले. पू-यीने आत्मचरित्रात लिहिलंय की चेहरे इतके बारीक होते की काही कळेना, जरा वेगळी वाटली त्या फोटोवर पेन्सिलीने गोल केला. ती वेन-शिऊ. घराणं मूळ मंगोल, पण आठ झेंड्यांतलंच. वडील गेलेले, घर खालावलेलं.

दुआनकांगला ती पसंत नव्हती. गरीब आहे, दिसायला बेताची आहे. तिच्या आग्रहावरून पू-यीने दुसऱ्या फोटोवर गोल केला, तो श्रीमंत घरातल्या वान-रोंगचा. मग वेन-शिऊचं काय? सोडून द्यायचं? नाही! सम्राटाने एकदा खूण केली म्हणजे ती मुलगी आता दुसऱ्या कुणाशी लग्न करू शकत नाही. तेव्हा तिलाही आणा. सम्राज्ञी वान-रोंग, आणि वेन-शिऊ 'शू' फेई.

जिची सख्खी बहीण याच राजवाड्याच्या विहिरीत मेली, ती बाई बावीस वर्षांनी दुसऱ्या एका पोरीला त्याच पायरीवर उभं करत होती. ती दुष्ट होती असं मला वाटत नाही. तिला दुसरं जग माहीतच नव्हतं.

30 नोव्हेंबर 1922 ला वेन-शिऊ राजवाड्यात आली. सम्राज्ञीच्या एक दिवस आधी, कारण फेईने आधी येऊन सम्राज्ञीचं स्वागत करायचं अशी रीत. तिच्या तेराव्या वाढदिवसाला अजून तीन आठवडे होते.

बाहेर प्रजासत्ताक, आत पेन्सिलीची खूण.

*

1924 च्या नोव्हेंबरमध्ये सेनापती फेंग युशियांगच्या सैन्याने पू-यीला राजवाड्यातून बाहेर काढलं. पुढच्या वर्षी तो लवाजम्यासह तियानजिन शहरातल्या जपानी वसाहतीत राहायला गेला. सम्राट नसलेला सम्राट, सम्राज्ञी आणि फेई. राजवाडा गेला, पायऱ्या राहिल्या. वान-रोंग आणि वेन-शिऊमध्ये धुसफूस, आणि पू-यी बहुतेक वेळा वान-रोंगच्या बाजूने. वेन-शिऊ एका खोलीत एकटी. नवऱ्याशी संबंध नावालाही नाही.

25 ऑगस्ट 1931. वेन-शिऊ धाकट्या बहिणीबरोबर फिरायला म्हणून बाहेर पडली आणि शहरातल्या एका हॉटेलात गेली. तिथं वकील थांबले होते. सोबतच्या खोज्याच्या हातात पत्र दिलं आणि सांगितलं, जा, नेऊन दे. मी परत येणार नाही.

चीनच्या सम्राटाला फेईने वकिलाची नोटीस दिली! वर्तमानपत्रांनी याला 'फेईची क्रांती' असं नाव दिलं.

आणि लगेच घरातूनच ओरड सुरू झाली. वेन-छी नावाच्या तिच्या नातेवाईक भावाने वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून तिला झापलं. मतितार्थ असा: आपल्या घराण्याने दोनशे वर्षं छिंगांचं मीठ खाल्लं. तुला खायला-ल्यायला काही कमी नाही. सम्राट तुला छळत नाही, आणि समजा छळत असला तरी तू मरेपर्यंत सोसायला हवं होतंस.

ओळखीचं वाटतंय ना? काय कमी आहे तिला!

वेन-शिऊनेही जाहीर उत्तर दिलं. त्यात रडगाणं नव्हतं. तिने देशाच्या नव्या तात्पुरत्या राज्यघटनेचा हवाला दिला. कायद्यापुढे स्त्री-पुरुष समान आहेत असं तिथं लिहिलंय. मी एक नागरिक आहे आणि नागरिक म्हणून कायद्याचं संरक्षण मागतेय. मला मरेपर्यंत सोस म्हणणारा तूच कायदा मोडायला शिकवतोयस.

ही भाषा तिला कुठून मिळाली? चीनच्या नव्या नागरी कायद्यातला कुटुंबविषयक भाग 5 मे 1931 रोजी लागू झाला होता. म्हणजे ती बाहेर पडली त्याच्या साडेतीन महिने आधी. त्यात बायकोलाही घटस्फोट मागता येत होता. आणि 'उपपत्नी' नावाची कायदेशीर जागाच त्या कायद्याने ठेवली नव्हती. दोनशे वर्षांच्या आठ पायऱ्या एका कायद्याने निकालात काढल्या. पू-यीला कोर्टात उभं राहायची नामुष्की नको होती, म्हणून बाहेरच तडजोड झाली. 22 ऑक्टोबरला करार. 55,000 युआन पोटगी आणि फारकत. अब्रू राखायला पू-यीने फर्मान काढून तिला 'सामान्य प्रजा' म्हणून जाहीर केलं. ती शिक्षा होती म्हणे! तिला नेमकं तेच हवं होतं.

तीनच आठवड्यांत पू-यी जपान्यांच्या मदतीने गुपचूप मांचुरियाला गेला आणि तिथल्या कळसूत्री राज्याचा प्रमुख झाला. वान-रोंग मागोमाग गेली. अफूच्या आहारी गेली, वेडाच्या काठावर पोहोचली आणि 1946 साली कैदेत मेली.

वेन-शिऊचं आयुष्य मात्र गुलाबी झालं असं समजू नका. पोटगीचा बराच पैसा वकील आणि मध्यस्थांत गेला, उरलेला युद्धाच्या वर्षांत. तिने बीजिंगमध्ये शाळेत शिकवलं. 1947 साली राष्ट्रवादी सैन्यातल्या एका अधिकाऱ्याशी लग्न केलं. 1953 साली, 43 व्या वर्षी, साध्या घरात वारली. ना दासी, ना रोजचं ठरलेलं मांस.

नऊ वर्षं तिला सगळं ठरल्याप्रमाणे मिळत होतं आणि ती तिथून निघाली. पुढची बावीस वर्षं काहीच ठरलेलं नव्हतं, पण ती परत गेली नाही. राजवाडा चांगला होता की वाईट, याचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

*

हे सगळं आज का लिहायचं? कारण बाईच्या सुखाचा हिशोब आपण अजून त्याच पद्धतीने करतो. घर आहे, गाडी आहे, नवरा मारत नाही, सासू बरी आहे, मग हिला झालंय काय? छिंग दरबारात हा हिशोब ग्रॅमपर्यंत चोख होता. किती मांस, किती मेणबत्त्या, किती दासी. त्या हिशोबाने झेनलाही काही कमी नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. झेन आणि वेन-शिऊ यांच्यात फरक धाडसाचा नव्हता. झेन काही कमी धीट नव्हती. नारा सम्राज्ञीने तर सम्राटासमोर केस कापले होते. फरक एवढाच, की वेन-शिऊ उठून निघाली तेव्हा बाहेर एक कायदा होता, तो वाचणारा वकील होता आणि बातमी छापणारं वर्तमानपत्र होतं. नारा बाईकडे कात्री होती, वेन-शिऊकडे कलम होतं. झेनच्या वाट्याला विहीर आली. दोघींमध्ये अंतर फक्त 31 वर्षांचं.

म्हणून एखादा कायदा बायकांना 'घर मोडायला शिकवतो' असं कुणी म्हणालं, की मला वेन-छीचं ते पत्र आठवतं. घर टिकवायचंच असेल तर टिकवा की. पण दरवाजा असलेलं घर टिकवा. दरवाजाच नसेल, तर ती बाई तिथे राहतेय की ठेवलेली आहे, हे बाहेरून कसं ओळखणार?